मर्यादेतून घडणारी शैली : विद्यार्थ्यांचे व्हिडिओ गेम आणि कलादिग्दर्शन

व्हिडिओ गेममधील दृश्य जगाचे स्वरूप ठरवणे, ते जग अनेक हातांनी घडत असताना त्याचा एकसंधपणा राखणे आणि खेळणाऱ्याला पुढे काय करता येईल हे शब्दांवाचून उमगेल अशी त्या जगाची मांडणी करणे, या तिहेरी जबाबदारीला कलादिग्दर्शन म्हणतात. मराठी वाचकाला कलादिग्दर्शक हा चित्रपटाच्या श्रेयनामावलीतून परिचित आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या एस. फत्तेलाल यांच्यापासून नितीन चंद्रकांत देसाई यांच्यापर्यंत या कामाची एक भक्कम परंपरा महाराष्ट्रात आहे. चित्रपटात मात्र कॅमेरा कोठे ठेवायचा हे दिग्दर्शक ठरवतो आणि त्यामुळे कॅमेऱ्याला न दिसणारी भिंतीची मागची बाजू रिकामी ठेवता येते. गेममध्ये कॅमेरा बहुधा खेळणाऱ्याच्या हाती असतो. तो भिंतीच्या मागे जाऊ शकतो, एकाच कोपऱ्यात बराच वेळ रेंगाळू शकतो किंवा कलावंताने जिवापाड मेहनत घेतलेल्या दालनातून मान वर न करता धावत निघून जाऊ शकतो. शिवाय हे दृश्य आधी चित्रित करून ठेवलेले नसते, तर संगणक ते त्या त्या क्षणी नव्याने रेखाटत असतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची असतील तर एका चित्रासाठी यंत्राला १७ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो, आणि गेममधील सगळे सौंदर्य तेवढ्या अवधीत बसवावे लागते.

हेच काम विद्यार्थ्यांच्या गेममध्ये करायचे म्हटले की त्याच्या अटी आणखी कडक होतात. अशा गेमची निर्मिती बहुधा एक किंवा दोन सत्रांत, इतर विषयांचा अभ्यास सांभाळत होते. संघात प्रोग्रामिंग, आरेखन, चित्रकला, ध्वनी अशा वेगवेगळ्या शाखांतील मोजकी मुले-मुली असतात, त्यांचे कौशल्य सारखे नसते, कोणालाही वेतन मिळत नसते आणि कलादिग्दर्शनाची धुरा ज्याच्याकडे येते तोही त्यांच्याच वर्गात शिकत असतो. अशा परिस्थितीत सर्वांत सुंदर चित्र काढणारा विद्यार्थी आपोआप चांगला कलादिग्दर्शक ठरेल, ही समजूत टिकत नाही. येथे खरी कसोटी निवडीची असते. काय घडवायचे नाही हे वेळीच ठरवणे, हाती असलेल्या मर्यादांतूनच एक दृश्यनियम तयार करणे आणि तो नियम सर्वांनी अखेरपर्यंत पाळावा यासाठी झटणे, हे या भूमिकेचे मर्म आहे. गेल्या दोन दशकांत गाजलेले विद्यार्थ्यांचे काही गेम पाहिले म्हणजे हे मर्म स्पष्ट होते.

शैलीची निवड

नवख्या संघाला वास्तववादाचा, म्हणजे प्रत्यक्ष जगासारखे हुबेहूब दिसण्याचा, मोह सर्वांत आधी पडतो. गेममधील एक वास्तववादी माणूस उभा करायचा झाल्यास आधी त्याची त्रिमितीय आकृती घडवावी लागते, त्या आकृतीच्या पृष्ठभागावर त्वचा आणि कापड यांची चित्रे चढवावी लागतात (या चित्रांना टेक्स्चर म्हणतात), आकृतीच्या आत सांधे असलेला सांगाडा बसवावा लागतो, या क्रियेला रिगिंग असे नाव आहे, आणि त्यानंतर चालणे, धावणे, वळणे, पडणे अशी प्रत्येक हालचाल स्वतंत्रपणे रचावी लागते. एवढे करूनही खेळणारा त्या माणसाची तुलना शेकडो व्यावसायिक कलावंतांनी वर्षानुवर्षे राबून केलेल्या गेमशी करतो, आणि जिथे बाकी सारे खऱ्यासारखे आहे तिथे एक ताठर हात किंवा एक निर्जीव डोळादेखील सगळा आभास मोडून टाकतो. शैलीबद्ध चित्रणात, म्हणजे वास्तवातील निवडक गुण ठेवून बाकीचे गाळणाऱ्या चित्रणात, हा धोका फार कमी असतो, कारण त्या जगाचे मोजमाप त्याच्या स्वतःच्या नियमांनी होते.

मर्यादेतून शैली जन्मते हे मोठ्या निर्मितीसंस्थांच्या बाबतीतही खरे ठरले आहे. २००६ मध्ये आलेला ‘ओकामी’ हा जपानी गेम आरंभी वास्तववादी पद्धतीने घडवला जात होता, परंतु प्लेस्टेशन २ या यंत्राला ते दृश्य पेलवेना, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी जपानी शाईचित्रणाची वाट धरली. जाडबारीक होत जाणारी काळी रेषा आणि कागदासारखी पार्श्वभूमी हीच पुढे त्या गेमची ओळख झाली. त्याला जोडून तेथे खेळणाऱ्याच्या हातीही कुंचला दिला गेला, त्यामुळे शैली केवळ दिसण्यापुरती न राहता खेळण्याच्या क्रियेत उतरली.

विद्यार्थ्यांच्या गेमपैकी व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि २००९ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झालेला ‘अँड येट इट मूव्ह्ज’ हा गेम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याचे सारे जग फाटलेल्या कागदाच्या तुकड्यांचे आहे. खडक, झाडे, गुहा यांची छायाचित्रे फाडून ती एकावर एक चिकटवावीत तसे ते दिसते, आणि त्यातून चालणारा नायक म्हणजे पांढऱ्या कागदावर रेषांनी काढलेली साधी आकृती आहे. खेळणारा हे जगच फिरवतो, म्हणजे भिंत जमीन होते, छत भिंत होते आणि अडकलेला दगड वाट मोकळी करून खाली पडतो. नायक फार उंचावरून आदळला तर त्याचे कागदासारखे तुकडे होतात. कागद ही सामग्री विद्यार्थ्यांना सहज मिळणारी होती, त्रिमितीय आकृती घडवण्याचे कष्ट तिने वाचवले, फाटलेल्या कडेची पांढरी रेघ जमीन कोठे संपते हे स्पष्ट दाखवू लागली आणि हातात धरून वळवता येईल असे ते जग आहे ही भावनाही तिनेच दिली. खर्च, स्पष्टता आणि अर्थ या तिन्ही गरजा ज्या एका निवडीने भागतात तीच कलादिग्दर्शनातील उत्तम निवड होय.

अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात जेनोवा चेन आणि त्यांच्या सहाध्यायांनी २००५ मध्ये केलेला ‘क्लाउड’ हा गेम भावनेच्या अंगाने असाच विचार करतो. रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला एक मुलगा स्वप्नात आकाशात उडतो, ढग गोळा करतो, त्यांना आकार देतो आणि पाऊस पाडतो, एवढीच त्याची कल्पना आहे. आकाश हीच रंगभूमी ठरल्यामुळे घरे, रस्ते, गर्दी, शत्रू हे सगळे घडवण्याचा भार टळला आणि संघाची शक्ती ढगांचा मऊपणा, प्रकाशाचा शांतपणा व उडण्याची संथ लय यांवर खर्च करता आली. तत्कालीन गेमविश्वात मारामारी आणि स्पर्धा यांचे प्राबल्य असताना मोकळेपणा व निवांतपणा हाही गेमचा विषय होऊ शकतो, हे या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. पुढे चेन आणि केली सँटियागो यांनी स्थापन केलेल्या दॅटगेमकंपनी या संस्थेने ‘फ्लॉवर’ आणि ‘जर्नी’ या गेममधून हाच मार्ग रुंद केला.

दृश्य हीच सूचना

गेममधील चित्राला शोभेखेरीज आणखी एक काम असते आणि त्याला वाचनीयता म्हणतात. कोणती कड धरता येते, कोणते दार उघडते, कोणता प्राणी धोकादायक आहे, हे खेळणाऱ्याला क्षणार्धात कळावे लागते. ते कळले नाही तर गेम अवघड न ठरता अन्यायकारक वाटू लागतो. यासाठी कलादिग्दर्शक प्रथम छायाकृतीचा, म्हणजे आतील सारे तपशील काळे केल्यावर उरणाऱ्या बाह्याकाराचा, विचार करतो. व्हॉल्व्ह या संस्थेच्या २००७ च्या ‘टीम फोर्ट्रेस २’ मधील नऊ पात्रे दुरून नुसत्या बाह्याकारावरून ओळखू यावीत अशा रीतीने रचली गेली, आणि हा गेम आजही या तत्त्वाचे उदाहरण म्हणून अभ्यासला जातो. छायाकृतीनंतर उजेड-अंधाराची पातळी आणि मग रंग, असा हा क्रम आहे. पडद्यावरील दृश्य करड्या छटांत बदलून पाहिल्यावरही महत्त्वाची वस्तू उठून दिसते का, ही तपासणी कोणताही विद्यार्थी विनाखर्च करू शकतो. ती आवश्यकही आहे, कारण लाल-हिरव्यातील भेद स्पष्ट न दिसणाऱ्या व्यक्तींचे प्रमाण पुरुषांत लक्षणीय असते, उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर ते सुमारे ८ टक्के आहे. म्हणून कोणतीही महत्त्वाची सूचना एकट्या रंगावर सोपवणे योग्य ठरत नाही.

रंगाला थेट क्रियेचे काम देण्याचा धाडसी प्रयोग डिजिपेन या अमेरिकी तंत्रसंस्थेतील विद्यार्थ्यांनी ‘टॅग : द पॉवर ऑफ पेंट’ या गेममध्ये केला, ज्याला २००९ मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलचा विद्यार्थी विभागातील पुरस्कार मिळाला. त्यात शहर करडे आहे आणि खेळणाऱ्याच्या हाती रंग फवारण्याचे साधन आहे. एका रंगावर पाऊल पडले की उंच उडी मिळते, दुसऱ्यावर वेग वाढतो आणि तिसऱ्याच्या आधारे भिंतीला चिकटून चालता येते. शहर करडे ठेवल्याने इमारतींवरील तपशीलवार चित्रकामाची गरज उरली नाही आणि त्याच निर्णयामुळे पडद्यावरील प्रत्येक रंगीत ठिपका एक वाक्य बोलू लागला. या संघाला व्हॉल्व्हने आपल्याकडे घेतले आणि २०११ च्या ‘पोर्टल २’ मध्ये निळ्या द्रवावर उसळी व नारिंगी द्रवावर वेग अशी जी योजना दिसते तिचे मूळ या विद्यार्थी-गेममध्ये आहे. त्या मालिकेतील २००७ चा पहिला ‘पोर्टल’ हादेखील डिजिपेनमधीलच विद्यार्थ्यांच्या ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ या २००५ मधील गेममधून उगम पावला होता.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहरात विद्यार्थ्यांनी केलेल्या ‘दे ब्लॉब’ या गेमचा इतिहासही याच धाग्याचा आहे. शहराच्या रेल्वेस्थानकाचा परिसर नव्या रचनेनंतर कसा दिसेल हे नागरिकांना अनुभवता यावे, या हेतूने हा गेम घडवण्यात आला, आणि त्यात रंगाने माखलेला एक गोळा निस्तेज इमारतींना घासत त्यांना रंगवत जातो. टीएचक्यू या प्रकाशनसंस्थेने या कल्पनेचे हक्क घेतले आणि २००८ मध्ये वी या यंत्रासाठी त्याची मोठी आवृत्ती निघाली. मूळ संघातील काही विद्यार्थ्यांनी रोनिमो गेम्स ही स्वतःची संस्था उभी केली. शहर रंगवत गेल्यावर आपण कोठे जाऊन आलो आणि काय उरले आहे हे नकाशावाचून कळते, म्हणजे प्रगती दाखवण्यासाठी पडद्यावर वेगळ्या खुणा पेरण्याची गरजही येथे बरीच कमी होते.

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातच ॲलेक्स बीचम यांच्या पदव्युत्तर प्रबंधातून सुरू झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘आउटर वाइल्ड्स’ हा गेम वाचनीयतेला अर्थाची जोड देतो. त्यातील सूर्यमाला लहान आहे आणि तिच्यातील प्रत्येक ग्रह दुरूनच ओळखू येतो : एका जोडग्रहात वाळूचा झोत एकाकडून दुसऱ्याकडे वाहतो, एका ग्रहाचे कवच कोसळत राहते, तर एक ग्रह वादळी समुद्राने वेढलेला आहे. अंतराळयान लाकूड आणि पत्रा यांचे, खिळ्यांनी जोडलेले दिसते आणि प्रवासी शेकोटीभोवती बसून वाद्ये वाजवतात, त्यामुळे अफाट विश्वाचा शोध हा सैनिकी मोहिमेसारखा न भासता जिज्ञासूंच्या भटकंतीसारखा वाटतो. यानाची सामग्री कोणती असावी, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न गेमच्या आशयापर्यंत कसा पोहोचतो, हे येथे पाहायला मिळते.

अनेक हात, एक नजर

निवड करणे हा कामाचा प्रारंभ झाला; ती टिकवणे हा त्याचा दीर्घ भाग होय. सुरुवातीला संघ संदर्भफलक तयार करतो, ज्यावर छायाचित्रे, चित्रे, कापडाचे पोत, इमारती, प्रकाशाचे नमुने एकत्र लावलेले असतात आणि आपल्याला कोणते वातावरण हवे आहे यावर चर्चा होते. त्यानंतर कलादिग्दर्शक शैली-मार्गदर्शिका लिहितो. तिच्यात वापरायचे रंग, रेषेची जाडी, आकारांचा स्वभाव, पात्रांच्या शरीराची प्रमाणे, प्रकाशाची दिशा, अक्षरांचे वळण आणि निषिद्ध गोष्टी यांची उदाहरणांसह नोंद असते. चांगल्या मार्गदर्शिकेत योग्य नमुन्याशेजारी अयोग्य नमुनाही दाखवलेला असतो, कारण ‘आकार मऊ ठेवा’ या वाक्याचा अर्थ चार जण चार तऱ्हांनी लावतील, पण शेजारी ठेवलेली दोन चित्रे सर्वांना एकच गोष्ट सांगतात.

याच काळात आरेखन करणारे विद्यार्थी ग्रेबॉक्स तयार करत असतात, म्हणजे करड्या ठोकळ्यांनी उभारलेले, रंगरूप नसलेले पण खेळता येणारे जग. ठोकळ्यांच्या अवस्थेत उडीचे अंतर, दारांची उंची आणि खोल्यांचा क्रम पक्का होण्यापूर्वी चित्रकारांनी सजावट सुरू केली, तर नंतरच्या प्रत्येक बदलात त्यांचे श्रम वाया जातात. म्हणून उत्साही चित्रकाराला काही काळ थोपवून धरणे हाही कलादिग्दर्शकाच्या कामाचा भाग होतो. ग्रेबॉक्स स्थिर झाल्यावर गेमचा एक छोटा तुकडा सर्व अंगांनी पूर्ण करून पाहिला जातो, त्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. हा तुकडा घडवायला किती दिवस लागले त्यावरून उरलेल्या कामाचा प्रामाणिक अंदाज बांधता येतो आणि लागणाऱ्या वस्तूंच्या यादीला निर्दयपणे कात्री लावता येते. दहा वेगवेगळी झाडे काढण्याऐवजी तीन झाडे काढून ती फिरवून, लहानमोठी करून आणि वेगळ्या प्रकाशात ठेवून जंगल उभे करता येते; भिंतीचे सुटे भाग एकमेकांत नीट बसतील असे आखले तर त्याच भागांतून देऊळही उभे राहते आणि तटबंदीही.

तंत्राची शिस्तही या भूमिकेला टाळता येत नाही. २०४८ गुणिले २०४८ बिंदूंचे एक टेक्स्चर, प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास आणि आकुंचन न केल्यास, सुमारे १६ मेगाबाइट स्मृती व्यापते, तर त्याच्या निम्म्या लांबी-रुंदीचे टेक्स्चर ४ मेगाबाइटमध्ये मावते. कोपऱ्यातल्या मडक्याला नायकाच्या चेहऱ्याइतके मोठे टेक्स्चर दिले गेले तर गेम विनाकारण अडखळू लागतो. फायलींना ठरलेल्या पद्धतीने नावे देणे, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटसारख्या प्रणालीत काम जमा करणे आणि काढलेले चित्र चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये न पाहता युनिटी, अनरियल किंवा गोडो यांसारख्या गेम इंजिनात, म्हणजे गेम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रणालीत, पाहूनच मान्य करणे, या सवयी कंटाळवाण्या वाटल्या तरी अखेरच्या आठवड्यात संघाला त्याच तारतात.

सर्वांत नाजूक भाग माणसांचा आहे. वर्गमित्रावर अधिकार गाजवता येत नाही, त्याच्या कामाला नकार देताना मैत्री दुखावण्याची भीती असते आणि त्या भीतीपोटी सगळेच स्वीकारले तर पाच वेगवेगळ्या गेममधून उचललेल्या तुकड्यांसारखे जग तयार होते. यावर उपाय एकच असतो : टीका व्यक्तीच्या आवडीनिवडीवर न करता सर्वांनी मिळून मान्य केलेल्या नियमाच्या आधारे करणे. ‘हे चांगले दिसत नाही’ या शेऱ्याने समोरच्याचे मन मोडते आणि सुधारणेची दिशाही कळत नाही. ‘या राक्षसाची आकृती अंधारात झाडासारखी दिसते आणि खेळणारा त्याच्यापाशी निःशंक जातो’ असे म्हटल्यावर दोघेही एकाच प्रश्नाकडे पाहू लागतात. प्रत्येकाच्या कौशल्याचा कल ओळखून काम वाटणे हीदेखील कलादिग्दर्शकाची सर्जनशीलता आहे. ज्याचा हात त्रिमितीय शरीररचनेत चालत नाही पण कागद कापण्यात वाकबगार आहे, त्याच्या कात्रीभोवती गेमची शैलीच उभी राहू शकते.

आपल्या मातीतील शक्यता

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांपुढे या बाबतीत एक जवळचे उदाहरण आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम प्रसिद्ध केला. तो व्यावसायिक कलावंतांचा आहे, तरीही लहान संघाने भारतीय चित्रपरंपरेला गेमच्या व्याकरणात कसे बसवावे, याचा धडा त्यात आहे : पहाडी लघुचित्रांच्या धर्तीवर हाताने रंगवलेली टेक्स्चर, राजस्थानी वास्तुशैलीची आठवण करून देणारे महाल आणि कथाभाग सांगण्यासाठी छायाबाहुल्यांसारखी दृश्ये. येथे परंपरा सजावटीपुरती आलेली नाही, तर उंचावरून दिसणाऱ्या मोकळ्या प्रांगणांपासून पुराणकथेच्या निवेदनापर्यंत ती गेमची रचना ठरवते.

याच दिशेने विचार केला तर सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी परंपरा गेमच्या किती जवळची आहे हे ध्यानात येते. त्या चित्रांतील पात्रे सपाट, ठसठशीत रेषेची, मोठ्या डोळ्यांची आणि बाह्याकारावरून ओळखू येणारी असतात, आणि एकेक चित्र पुढे करत गायन-निवेदनातून रामायण-महाभारतातील कथा उलगडली जाते. द्विमितीय गेमला हवी असणारी वाचनीयता आणि दृश्यक्रमाची जाण या परंपरेत मुळातच आहे. मात्र अशा शैलीकडे वळताना संग्रहातील नमुने उचलून पडद्यावर पसरणे पुरेसे नाही. ती चित्रे कोणत्या प्रसंगी दाखवली जातात, पात्रांची दिशा व रंग कोणत्या संकेताने ठरतात आणि ती जपणारी घराणी आपल्या कलेच्या वापराकडे कशी पाहतात, हे त्यांच्याकडे जाऊन शिकणे, त्यांना श्रेय देणे आणि शक्य तेथे त्यांना निर्मितीत सहभागी करून घेणे, ही कलादिग्दर्शकाची नैतिक जबाबदारी ठरते.

विद्यार्थ्यांच्या बहुतेक गेमना मोठा प्रकाशक मिळत नाही आणि तो मिळावा हे त्यांच्या मूल्याचे माप मानण्याचे कारणही नाही. रंग असाच का, रेषा एवढीच जाड का, नायकाला चेहरा का नाही, जंगलात तीनच प्रकारची झाडे का, या प्रत्येक प्रश्नाला ज्या विद्यार्थ्याकडे गेमच्या आशयातून, खेळणाऱ्याच्या गरजेतून आणि संघाच्या कुवतीतून आलेले उत्तर असते, त्याने कलादिग्दर्शन आत्मसात केले असे म्हणता येते. उपकरणे आणि इंजिने दर काही वर्षांनी बदलतील, आज अवघड वाटणारे वास्तववादी चित्रण उद्या यंत्र सहज करून देईल. परंतु असंख्य शक्यतांतून एक निवडून बाकीच्यांना नकार देण्याची आणि त्या निवडीवर अनेकांचा विश्वास जोडण्याची शक्ती माणसालाच कमवावी लागेल. म्हणून आपल्या कला आणि तंत्र महाविद्यालयांनी गेमनिर्मितीकडे करमणूक म्हणून न पाहता, चित्रकला, गणित, कथन आणि सहकार्य यांना एकाच कामात गुंफणारे शिक्षण म्हणून पाहावे आणि तिला अभ्यासक्रमात मानाचे स्थान द्यावे.